खड्ड्यावरचा परतावा

बोल्डर गावात माणसाची पत त्याच्या टक्क्यांवरून ठरते, हे मर्व्ह हॉस्किंगला निवृत्त झाल्यावर कळलं. आणि कळलं तेव्हा त्याचे टक्के होते तीन.

टक्के कसले, तर खाणीच्या शेअरांचे. बोल्डरला दुसरं आहे काय? खाणीचा खड्डा, खड्ड्याची लाल धूळ, आणि धुळीनं घसा सुकला की बियर. गावात हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाचा, लॉन बोल्सचा, क्लब आहे; तिथं बारला लागून एक फळा आहे. पूर्वी त्यावर शुक्रवारच्या मटणाच्या सोडतीचे नंबर लिहायचे. मग कुणा रिकामटेकड्याच्या डोक्यात आलं की आपण सगळे आता पेन्शनर, गुडघे गेलेले, बोल्सचे गुण लिहून कुणाची अब्रू वाढायची राहिलेली नाही. तेव्हा प्रत्येकानं आपला 'खरेदीवरचा परतावा' लिहावा. हिशेब सोपा, आणि तोही आपल्याकडच्या सगळ्यात लाभाच्या शेअरचा. शेअर मुळात कितीला घेतला ते धरायचं, आज वर्षाला त्यावर किती लाभांश मिळतो ते बघायचं, आणि टक्के काढायचे. शेअरचा आजचा भाव मात्र विचारायचा नाही. बाईला वय विचारावं तसं ते असभ्य समजतात.

फळ्यावर सगळ्यात वर नाव होतं झ्वोन्को बारबारिचचं. हा मर्व्हचा शेजारी. जन्मभर खाणीतले ट्रक दुरुस्त केले, आता टोमॅटो लावतो आणि कुंपणावरून सल्ले देतो. टोमॅटो बरे असतात. यानं पंचवीस वर्षांपूर्वी वॉरंडी मायनिंगचे पन्नास शेअर डॉलरला एक या भावानं घेतले होते. वॉरंडी आता शेअरमागं वर्षाला एक डॉलर वीस सेंट लाभांश देते. म्हणजे झ्वोन्कोचा परतावा एकशेवीस टक्के! क्लबात त्याला खुर्ची मिळे ती पंख्याखालची.

मर्व्हकडेही वॉरंडीचेच शेअर होते. पण ते त्यानं घेतले ऐन तेजीत, चाळीस डॉलरला एक. लाभांश तोच, एक वीस. टक्के तीन. क्लबची सेक्रेटरी ट्रिश हिनं त्याचं नाव फळ्याच्या अगदी तळाशी, जिथं खडू नीट उठत नाही तिथं लिहिलं होतं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात हेडक्लार्क म्हणून ज्याच्या सहीशिवाय एक खोकं हलत नसे, त्याचं नाव वाचायला आता माणसाला वाकावं लागे.

"अरे पण तुझे शेअर शंभर आहेत, त्याचे पन्नास," त्याची बायको ग्लेनिस कणकेत बटाटे आणि मटण भरून पेस्टीच्या कडा दुमडत म्हणाली. "तुला वर्षाला एकशेवीस डॉलर येतात, त्याला साठ. मग तो वर कसा?"

"त्याचे एकशेवीस टक्के आहेत, ग्लेनिस."

"टक्के घेऊन तो कसायाकडं गेला तर कसाई त्याला चॉप्स देईल का?"

बायकांना अर्थशास्त्रातलं कळत नाही, असं मर्व्ह मनात म्हणाला. मोठ्यानं म्हणायची त्याची टाप नव्हती, कारण पेस्टी अजून भट्टीत जायच्या होत्या.

आता या घरात एक जुना प्रश्न होता. घराला संडास नव्हता असं नाही, घराबाहेर होता. परसाच्या टोकाला पत्र्याची खोली, तिच्यापर्यंत खडीची वाट, आणि बैठकीखाली पाठीवर लाल पट्टा असलेला कोळी. हा कोळी चावला तर इस्पितळ गाठावं लागतं, म्हणून बसण्याआधी काठीनं कडेकडेनं ठोकून घ्यायची घराची रीत होती. लग्नानंतर ग्लेनिसला या घरात आणलं तेव्हा मर्व्हनं शब्द दिला होता, पुढच्या उन्हाळ्याच्या आत संडास घरात आणतो. त्यानंतर उन्हाळे पुष्कळ झाले. ग्लेनिसचे गुडघे झिजले, काठी दोनदा बदलली, पण शब्द जिथल्या तिथं.

अखेर या वर्षी मर्व्हनं मनावर घेतलं. डॅरिल प्लंबरनं नऊ हजार सांगितले. तीन हजार आगाऊ घेतले, परसात दारापासून गटारापर्यंत लांबलचक चर खणला, आणि हातातलं महिन्याचं काम संपवून, बाकीचे सहा हजार द्याल त्या दिवशी नळ्या घालतो म्हणून निघून गेला. सहा हजार बँकेत तयार होते. ग्लेनिसनं तर गुलाबी पायपुसणंसुद्धा आणून ठेवलं होतं.

इथवर सगळं सुरळीत होतं. घोडं अडलं ते शुक्रवारी.

त्या शुक्रवारी क्लबात कुणीतरी नवख्या पाहुण्याला फळा समजावून सांगत होतं. पाहुणा वाकला, तळातलं नाव वाचलं आणि म्हणाला, "हॉस्किंग, तीन टक्के. बिचारा वारला का?"

मर्व्ह शेजारीच उभा होता. सगळा क्लब हसला. झ्वोन्को तर इतका हसला की त्याला पंख्याखालून उठावं लागलं. बाहेर आल्यावर त्यानं मर्व्हच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनावर घेऊ नकोस, लेका. उपाय आहे."

"काय उपाय? पंचवीस वर्षं मागं जाऊ?"

"स्वस्तात घे. जितकं स्वस्त घेशील तितका खरेदीवरचा परतावा जास्त. साधं गणित आहे."

"तुला कुणी सांगितलं होतं रे वॉरंडी घ्यायला?"

यावर झ्वोन्को कुंपणापलीकडं कुठंतरी बघत म्हणाला, "होतं एक शहाणं माणूस," आणि मिठाची गुळणी धरून बसला.

मर्व्हनं घरी येऊन शोध सुरू केला. संगणकावर दोन बोटांनी टाइप करत त्यानं स्वस्त शेअर शोधले आणि त्याला सापडली डस्टी लेडी निकेल. भाव पन्नास सेंट, गेल्या वर्षीचा लाभांश पाच सेंट. सरळ दहा टक्के! सहा हजारांतले दोन हजार त्यानं त्याच दुपारी लावले. डॅरिल तसाही महिनाभर कामात होता. तोवर पैसे बँकेत पडून तरी काय करणार? पैशाला व्यायाम हवा, असं मर्व्हचं मत होतं. स्वतः तो क्लबात बसून बोल्स बघत असे.

पुढच्या शुक्रवारी ट्रिशनं तीन पुसून दहा लिहिलं. नाव चार ओळी वर सरकलं. आता वाचायला नुसतं गुडघ्यात वाकलं तरी चाले.

मग डस्टी लेडी पडायला लागली. पन्नासाची पंचवीस सेंट झाली. साधा माणूस घाबरला असता, पण मर्व्ह आता साधा राहिला नव्हता. त्यानं हिशेब मांडला: लाभांश पाच सेंट, भाव पंचवीस, म्हणजे आता घेतलं तर वीस टक्के! त्यानं आणखी दोन हजार लावले. भाव दहा सेंटवर आला तेव्हा तर त्याला आनंदानं झोप लागेना. दहावर पाच म्हणजे पन्नास टक्के! उरलेले दोन हजारही गेले. डस्टी लेडीची सगळी खरेदी एकत्र करून त्याचा परतावा भरला जवळपास सत्तावीस टक्के. ट्रिशनं नाव थेट डोळ्यांच्या उंचीवर आणलं.

"भाव पडला की हसणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय," ट्रिश म्हणाली.

"दूरदृष्टी लागते," मर्व्ह म्हणाला आणि पंख्याकडे दोन खुर्च्या सरकून बसला.

टक्के चढले तसे ते डोक्यातही चढले. मर्व्ह घरातल्या प्रत्येक गोष्टीचा खरेदीवरचा परतावा काढू लागला. परसातलं लिंबाचं झाड सहा डॉलरचं. वर्षाला लिंबं दोनशे डॉलरची. कोंबडी चार डॉलरची, अंडी बेसुमार. अंगणातली जुनी गाडी सहाशेला घेतलेली. ती दोन वर्षं सुरूच झाली नव्हती, पण तिनं आजवर वाचवलेलं बसभाडं धरलं तर तिच्या पायाशी बसावं अशी तिची कामगिरी निघाली. भंगारवाला चारशे द्यायला तयार होता. "एवढा परतावा देणारी वस्तू कुणी विकतं का?" म्हणून मर्व्हनं त्याला वाटेला लावलं. भंगारवाल्यानं जाताना ग्लेनिसकडं पाहून डोक्यावरची टोपी काढली.

चर मात्र परसात आ वासून तसाच पडला होता. आणि बोल्डरसारख्या गावात घरामागं खड्डा पडला की लोकांना स्वस्थ झोप लागत नाही. कुणी म्हणालं, हॉस्किंगला सोनं लागलंय. कुणी म्हणालं, लागलं नसतं तर खणायचं थांबला का असता? रविवारी सकाळी दोघं अनोळखी गृहस्थ धातू शोधायचं यंत्र घेऊन कोंबड्यांच्या खुराड्यापाशी गुणगुणत उभे होते. ग्लेनिसनं त्यांना झाडूनं घालवलं. त्यांच्या यंत्राला खड्ड्यात एक चमचा मात्र सापडला होता, तो त्यांनी प्रामाणिकपणे परत दिला.

बातमी नगरपालिकेपर्यंत गेली आणि मिस ऑडगर्स नावाची तरुण अधिकारी हातात छापील फॉर्म घेऊन आणि भलतीच चकचकीत टोपी घालून आली. तिनं चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझार घातली.

"मिस्टर हॉस्किंग, हे काय आहे?"

"संडास आहे."

"कुठं आहे?"

"होणार आहे."

"नळीच्या चराला तीन महिने मुभा असते. तीन महिने झाले की तो चर राहत नाही, उत्खनन होतं. उत्खननाला कुंपण, फलक आणि वेगळा परवाना लागतो. तेव्हा मला एकदा नक्की सांगा, संडास लिहू की खाण?"

हेडक्लार्कच्या आयुष्यात असा पेच आला नव्हता. संडास म्हणावं तर नळ्या कुठं? खाण म्हणावं तर शिरस्त्राण, सुरक्षा अधिकारी, आणि रोज दुपारी मोठ्या खाणीत सुरुंग उडतात तशी आगाऊ सूचना. कुंपणापलीकडून झ्वोन्को ओरडला, "खाण म्हण! खाणीला बाजारात भाव आहे!"

"प्रकल्प तूर्त स्थगित आहे, असं लिहा," मर्व्ह ताठ मानेनं म्हणाला.

"तो रकाना नाही," मिस ऑडगर्स म्हणाली. महिनाभराची मुदत, आणि चराभोवती नारिंगी जाळी, असं ठरवून ती गेली. त्या जाळीमुळं खडीची वाट बंद झाली आणि ग्लेनिसला संडासाला जायला लिंबाखालून वळसा पडू लागला. एका हातात काठी कोळ्यासाठी, एका हातात काठी गुडघ्यासाठी. रोज फक्त एक विचारी, "डॅरिल कधी येणार?" आणि मर्व्ह म्हणे, "कामात आहे गं तो."

एका मंगळवारी दुपारी मर्व्ह संगणकापाशी बसला असताना खाणीत सुरुंग उडाला. कपाटातले कप वाजले, पत्रे हलले. हे रोजचंच. पण त्यानंतर परसातून आवाज आला, तो रोजचा नव्हता.

"मर्व्ह!"

"काय गं?"

"बाहेर ये."

तो बाहेर आला. परसात कुणी दिसेना. नारिंगी जाळी एका जागी लोळत होती आणि लिंबाला एक काठी टेकलेली होती.

"कुठं आहेस?"

"तुझ्या खाणीत," चरातून ग्लेनिस म्हणाली.

सुरुंगानं दचकून तिचा पाय घसरला होता. ती चराच्या तळाशी, लाल मातीत, पाय पसरून बसली होती. घोटा मुरगळला होता, केसांत खडी होती, पण आवाज अगदी शांत होता. मर्व्हला त्या शांतपणाचीच भीती वाटली. त्यानं हात पुढं केला.

"हात नको. आधी सांग, डॅरिल कधी येणार?"

"ग्लेनिस, वर ये. मग बोलू."

"नाही. इथं सावली आहे, कोळीही नाही. माझं बरं चाललंय. तू सांग."

कुंपणावर झ्वोन्कोचं डोकं उगवलं. "मर्व्ह, आधी तिला पाणी दे, मग खरं सांग. उलटं केलंस तर पाणी तुझ्या तोंडावर येईल."

मर्व्हनं पाणी आणलं. ग्लेनिस ते सावकाश प्याली आणि तिनं पेला मांडीवर ठेवला.

"सहा हजार कुठं आहेत?"

"गुंतवलेत."

"कशात?"

"डस्टी लेडीत."

"बाई ठेवली असतीस तर परवडलं असतं रे. तिनं निदान संडास घरात असलेलं घर तरी मागितलं असतं."

"सत्तावीस टक्के परतावा आहे!" मर्व्हच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"आले का ते सत्तावीस टक्के?"

"येतील. गेल्या वर्षीचा लाभांश धरून हिशेब आहे. या वर्षीचा अजून जाहीर..."

झ्वोन्को खाकरला. "झालाय जाहीर. आज सकाळी रेडिओवर होतं. या वर्षी काही नाही. खाण बंद ठेवणारेत. भाव एक सेंट."

मर्व्हनं डोक्यात तीनतीनदा भागाकार केला. पन्नासनं भागलं, दहानं भागलं, सरासरीनं भागलं. वर शून्य असलं की खाली काहीही ठेवा, उत्तर तेच येतं, हे त्याला चौथीतच शिकवलं होतं. तो खड्ड्याच्या काठावर मटकन बसला. साठी उलटलेला माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला ते पुसायचंही सुचलं नाही.

"मी मूर्ख आहे गं," तो म्हणाला.

"ते मला ठाऊक होतं. मूर्खपणाचं वाईट नाही वाटत," ग्लेनिस म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज हलला. "तीन महिने मी रोज विचारत होते आणि तू रोज तोंडावर खोटं बोलत होतास, त्याचं वाटतं. आता हात दे."

दोघांनी मिळून तिला वर काढलं. झ्वोन्को कुंपण ओलांडून आला, त्यात जाळी उरलीसुरली गेली. स्वयंपाकघरात पाय बर्फात ठेवून ग्लेनिसनं शेअर दलालाला फोन लावला. नंबर तिला पाठ होता, हे मर्व्हनं पाहिलं.

"माझे वॉरंडीचे सगळे विकायचेत. अडीचशे. हो, आजच्या भावानं. चोवीस डॉलर? चालेल."

मर्व्हचा जबडा खाली आला. "तुझे? तुझे कधीचे?"

"खाणीतल्या पाळीवाल्यांना पेस्ट्या विकायचे ना, तेव्हाचे. ऐंशी सेंटला एक."

मर्व्हच्या डोक्यात, दुःखातसुद्धा, भागाकार झालाच. एक वीस भागिले ऐंशी. "दीडशे टक्के! ग्लेनिस, दीडशे! तू झ्वोन्कोच्याही वर! थांब, विकू नकोस, कुणी दीडशे टक्के विकतं का?"

"मी टक्के विकत नाहीये, शेअर विकतेय. त्याचे सहा हजार येतात. ऐंशी सेंट मी केव्हाच विसरले, ते धरून कुठवर बसू?"

झ्वोन्को जमिनीकडं बघत होता. "ते शहाणं माणूस," तो पुटपुटला, "म्हणजे हीच. कुंपणावरून सांगितलं होतं मला, घे म्हणून. कुणाला बोलू नकोस म्हणाली."

"आणि मला का नाही सांगितलंस?" मर्व्ह कळवळून म्हणाला.

"सांगितलं होतं. बायकांना अर्थशास्त्रातलं कळत नाही म्हणालास. तेव्हा तू मोठ्यानं म्हणायचास."

मर्व्हनं हळूच विचारलं, "इतके पैसे होते तर संडास केव्हाच बांधता आला असता की गं."

"आला असता. पण शब्द तू दिला होतास. मला तो तुझ्या हातून हवा होता." तिनं पाय बर्फातून काढून पुन्हा ठेवला. "आता राहू दे. आता नुसता संडास झाला तरी पुरे."

डॅरिल आला, नळ्या पडल्या, चर बुजला. मिस ऑडगर्सनं येऊन साखळी ओढून पाहिली आणि समाधानानं 'संडास' लिहिलं. घरात, मोरीच्या शेजारी, पांढऱ्या फरशीची खोली झाली, आणि दाराशी गुलाबी पायपुसणं आलं. पण पहिल्या दिवशी मर्व्ह आत शिरायला गेला तर ग्लेनिस काठी आडवी धरून उभी.

"हा भागधारकांसाठी आहे. तुझी गुंतवणूक किती?"

"आगाऊ तीन हजार माझेच..."

"ते खड्ड्यात गेले. खड्डा बुजला. इथं जुनी खरेदी चालत नाही, आजच्या भावानं भाग घ्यायचा."

मर्व्हनं दोन दिवस पत्र्याच्या खोलीत काठी ठोकत काढले. तिसऱ्या दिवशी त्यानं डस्टी लेडीचे शेअर, ज्यांच्या जोरावर तो पंख्यापासून दोन खुर्च्यांवर पोचला होता ते सारे, एक सेंटला एक या भावानं विकून टाकले. आणि भंगारवाल्याला बोलावून गाडीही दिली. गाडीचे पैसे त्यानं न बोलता ग्लेनिसच्या पेस्टीच्या डब्यात ठेवले. शेअरांचे तीनशेच्या आसपास आले, ते घेऊन तो दुकानात गेला आणि संडासाची लाकडी बैठक घेऊन आला, हळूच आपोआप मिटणाऱ्या झाकणासकट. प्लास्टिकची होती ती काढून स्वतः बसवली. दोन स्क्रू उरले, पण बैठक हलत नव्हती. ग्लेनिसनं झाकण तीन वेळा उघडून मिटू दिलं आणि काठी बाजूला केली.

शुक्रवारी दोघंही क्लबात गेले. ग्लेनिसचा घोटा बांधलेला, म्हणून झ्वोन्कोनं स्वतःची पंख्याखालची खुर्ची तिला दिली. ट्रिश खडू घेऊन फळ्यापाशी आली.

"मर्व्ह, सत्तावीसचं काय करू?"

मर्व्ह उठला. पँटची घडी सारखी केली. "पूस," तो म्हणाला. "आणि सगळ्यात वर लिही ग्लेनिस हॉस्किंग, दीडशे टक्के. या फळ्यावरची सगळ्यात शहाणी व्यक्ती माझ्या घरात होती आणि मला पत्ता नव्हता."

क्लबात कुजबुज झाली. ट्रिशनं खडू उचलला आणि थांबली. "पण ग्लेनिसनं विकलेत ना? विकले की नाव लागत नाही. नियम आहे."

"राहू दे गं," पंख्याखालून ग्लेनिस म्हणाली. "फळ्यावर बसायची मला हौस नव्हती. मला जिथं बसायचं होतं तिथं मी बसले."

सगळा क्लब हसत सुटला. झ्वोन्कोची बियर सांडली. मर्व्ह हसला नाही. तो ताठ उभा राहिला, हसू पुरतं ओसरायची वाट पाहिली, आणि रेल्वेत मालाच्या पावतीवर सही करताना काढायचा त्या आवाजात म्हणाला,

"त्याचं झाकण माझं आहे."